मलप्पाच्या नावाने उघडलेली फाईल

लातूर
८ जानेवारी २०२६

आरती,

पत्र बघून हसू नको. 'शेषेरावमामाला फोन लावता येईना झाला' असं तुझ्या आईला सांगत बी बसू नको. फोन माझ्या खिशातच हाय, पण त्याच्यावर आता 'जेवण झालं का' याच्या पुढं मी एक शब्द बोलणार न्हाई. कोण ऐकून राहिलंय, कोण वाचून राहिलंय, काय भरोसा? कागद बरा. पाकीट फोडलं तर निदान दिसतं तरी.

काल उदगीरच्या कृषी प्रदर्शनाला गेलतो. तिथं गुरुपादप्पाचा मांडव. तोच, नऊ वर्षं माझ्या कारखान्यात भागीदार होता, मग भांडून उदगीरला गेला आणि स्वतःची पेरणीयंत्रं बनवायला लागला. मांडवात मधोमध त्याचं नवं टोकण यंत्र, लाल रंगाचं, हार घातलेलं. मी सहज वाकून आतली चकती बघितली आणि पायाखालची वाळू सरकली. आपलीच चकती! सोयाबीनचं बी न फोडता एकेक दाणा सोडणारी, तिरप्या भोकांची. भोकं मोजली, चोवीस. खिशातली पट्टी लावली, नऊ मिलिमीटर. आपण ती अजून बाजारात आणलीच न्हाई, मार्चमधी आणणार होतो. हा बेटा जानेवारीतच मांडून बसला.

मी विचारलं, "गुरुपादप्पा, हे कुठनं सुचलं?" तर दात काढून म्हणतो, "देवाची कृपा, शेषेराव." अंगाची नुसती आग झाली बघ.

त्या चकतीचं ड्रॉइंग सगळ्या दुनियेत एकाच जागी हाय, आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरमधी. म्हणजे चोर घरातलाच. माझा शक एका माणसावर हाय, पण नाव कागदावर लिहीत न्हाई. एवढंच सांगतो, त्याचा पोरगा दसऱ्यानंतर गुरुपादप्पाकडं कामाला लागलाय.

तू नांदेडात दुकानांची, दवाखान्यांची कॉम्प्युटरं बघतेस. कोणती फाईल कोण कधी उघडतो हे कॉम्प्युटरच्या पोटात लिहिलेलं असतं म्हणे. मला तेवढं काढून दे. कारखान्याच्या पत्त्यावर लिहू नको, घरी लिही. आणि तुझ्या मामीला यातलं काही कळू देऊ नको. तारामतीच्या पोटात गोष्ट म्हणजे चाळणीत पाणी.

तुझा
शेषेरावमामा


नांदेड
१३ जानेवारी २०२६

मामा,

हसले नाही, पण पोस्टमननं दारात तुमचं अक्षर हातात दिलं तेव्हा आई घाबरली. तिला वाटलं, गावाकडं कुणाचं काही झालं. 'मामांना माझ्याकडून कामाचे कागद हवेत' असं सांगून वेळ मारून नेली.

चकतीचं वाचून मलाही वाईट वाटलं. दोन पावसाळे तुम्ही त्या एका चकतीपायी शेतात बी मोजत फिरलात, हे मला माहीत आहे. पण रागावणार नसाल तर एक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या मागं लागले होते की मामा, कारखाना तीस माणसांचा झाला, आता कोणी काय उघडायचं, फाइलींची दुसरी प्रत कुठं ठेवायची, माणूस सोडून गेला की त्याचं नाव कधी बंद करायचं, याचा एक कागद करू. तुम्ही म्हणालात, "आपली काय बँक हाय का?" चहा पाजून मला वाटेला लावलंत.

असो. मला एवढं कळवा. कॉम्प्युटरचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? सकाळी तो कोण चालू करतं? ड्रॉइंग कधी कुणाला ई-मेलनं किंवा फोनवर पाठवलंय का?

आणि तुमच्या त्या शकाचं नाव तुम्ही लिहिलं नाही तरी मला कळलं. मामा, मलप्पाकाका? शाळेच्या सुट्टीत मी कारखान्यात यायचे तेव्हा लोखंडाच्या कीसाजवळ मला फिरकू न देणारा माणूस तो. जरा दमानं घ्या.

आरती


लातूर
१९ जानेवारी २०२६

आरती,

दमानंच घेऊन राहिलोय, म्हणून तर तुला लिहितो.

पासवर्ड सगळ्यांनाच ठाऊक हाय. कॉम्प्युटरच्या मागं चिठ्ठी चिकटवलेली हाय, कुणाचं काम अडू नये म्हणून. सकाळी मलप्पा चालू करतो, मग दिवसभर चालूच. बिल करणारा बसतो, माल लिहिणारा बसतो, मी बी बसतो. तो कॉम्प्युटर घेतला तेव्हा मलप्पाच शिकला ना ड्रॉइंग काढायला. पन्नाशीत! लेथवरचा माणूस, हाताला तेल लागलेलं, आणि माऊस असा धरायचा की जणू चिमणीचं पिल्लू. तेव्हा मला त्याचा अभिमान वाटायचा. आता वाटतं, एवढी हौस कशापायी होती?

ड्रॉइंग मी कुणालाच पाठवलं न्हाई. ई-मेल न्हाई, फोन न्हाई, काही न्हाई. मला एवढं कळतं.

मलप्पा आजकाल बोलत न्हाई. प्रदर्शनाहून आल्यावर मी मुद्दाम सगळ्यांसमोर म्हणालो, "गुरुपादप्पाची चकती बघितली, लई भारी हाय." सगळ्यांच्या तोंडाकडं बघत होतो. बाकीचे बावचळले. मलप्पानं मान खाली घातली आणि लेथ चालू केला. ज्याच्या मनात काही न्हाई तो मान खाली घालतो का?

मी बसून राहिलेलो न्हाई. हैदराबादचा एक माणूस आलता, त्याच्याकडनं अकरा कॅमेरे बसवून घेतले. गेटवर पत्र्याचा डबा ठेवलाय, आत येताना प्रत्येकानं फोन त्यात टाकायचा, जाताना घ्यायचा. चहावाल्याला बी बाहेरच थांबवतो. कोण कुणाशी बोलतं, हे मी आता केबिनमधनं बघून राहिलो.

२६ तारखेला झेंडावंदन झाल्यावर कारखाना बंद असतो. तेव्हा ये. कुणाला दिसणार न्हाई. मामीला म्हण, परीक्षेसाठी मैत्रिणीच्या पोरीकरता लातूरला क्लास बघायला आले.

शेषेरावमामा


नांदेड
२ फेब्रुवारी २०२६

मामा,

२६ तारखेला आले तेव्हा मामीनं मला क्लासच्या फीबद्दल इतकं खोदून विचारलं की घाम फुटला. तुमच्यामुळं खोटं बोलायची सवय लागतेय मला.

कॉम्प्युटरमधून जे निघालं ते सोबतच्या दोन पानांवर छापलंय. सोप्या भाषेत सांगते. तुमच्या कॉम्प्युटरवर नाव एकच आहे, 'मलप्पा'. त्यामुळं चकतीची फाईल सप्टेंबरपासून जेवढ्या वेळा उघडली तेवढ्या वेळा त्याच नावानं उघडली. पेन ड्राईव्ह लावल्याची खूण नाही. ई-मेलनं गेल्याची नाही. फाईल कामाच्या दिवशी, कामाच्या वेळेतच उघडलीय. फक्त एक नोंद वेगळी आहे. १ ऑक्टोबर, सकाळी ११:४०. पस्तीस मिनिटं उघडी होती. त्या दिवशी खंडेनवमी होती. खंडेनवमीला तुमच्याकडं यंत्रं बंद असतात, पूजा असते, कुणी काम करत नाही. मग ड्रॉइंग कशाला उघडलं? त्या ओळीखाली मी लाल रेघ मारलीय.

पण नीट वाचा. नाव मलप्पाकाकांचं आहे म्हणजे हात त्यांचाच होता, असं नाही. चिठ्ठी मागं चिकटवलेली असल्यावर ते नाव तीस माणसांचं आहे.

कॅमेऱ्यांचं मी काही बोलत नाही, लावलेत ते लावलेत. पण मामा, आधी कागद करायला पाहिजे होता. प्रत्येकाला वेगळं नाव आणि वेगळा पासवर्ड. ड्रॉइंग फक्त दोघांना दिसेल, बिलवाल्याला बिल दिसेल. आठवड्याला एक प्रत काढून ती घरी कपाटात. मी असा कागद तयार करून पाठवते. तोवर कुणाला काही बोलू नका. मी पुन्हा सांगते, कुणालाच बोलू नका.

आरती


लातूर
६ फेब्रुवारी २०२६

आरती,

तुझी लाल रेघ बघितली आणि माझं डोकं फिरलं. काल काम सुटायच्या आधी तीसही माणसांना शेडमधी उभं केलं. मलप्पाला पुढं बोलावलं. म्हणालो, "खंडेनवमीला चकतीची फाईल का उघडली?" तो माझ्याकडं बघतच राहिला. मी म्हणालो, "खिसे उलटे कर." त्यानं केले. ऑफिसची चावी काढून घेतली आणि सांगितलं, उद्यापासनं येऊ नको.

एकतीस वर्षं, आरती. माझ्या लग्नाच्या आधीपासनं न्हाई, पण नंतर लगेच आला तो. मला काय आनंद झाला असंल? रात्रभर तारामती विचारत होती, जेवले का न्हाई. पण बेइमान माणूस तो बेइमान. गुन्हा नसता तर ओरडला असता, भांडला असता. हा निमूट चपला घालून गेला.

आता तुझं. आज सकाळी निलंग्याचा एक शेतकरी आला, त्याच्या हातात गुरुपादप्पाचं बिल होतं. बिलाच्या तळाला बारीक अक्षरात छापलंय, कॉम्प्युटर कुणी बसवून दिला ते. तुझ्या फर्मचं नाव! नांदेडचा पत्ता, तुझा फोन नंबर. दोनदा चष्मा पुसून वाचलं.

तू गुरुपादप्पाच्या कारखान्यात गेलीस. त्याची कॉम्प्युटरं तू बसवलीस. आणि मला एका शब्दानं बोलली न्हाईस. आपल्या कॉम्प्युटरवर बी तूच बसली होतीस. मी काय समजू? तूच सांग, मी काय समजू?

उत्तर द्यायचं असलं तर दे.

शेषेराव


नांदेड
११ फेब्रुवारी २०२६

मामा,

'मामा' न लिहिता नुसतं 'शेषेराव' लिहिलंत. पत्र आईनंच फोडलं होतं.

हो, मी गुरुपादप्पांकडं गेले होते. दोन वर्षांपूर्वी, तीन दिवस. बिलं काढायचा कॉम्प्युटर बसवला, त्यांच्या मुलीला शिकवलं आणि परत आले. फर्म नवीन होती, काम हवं होतं. तुम्हाला सांगितलं नाही कारण त्यांचं नाव निघालं की तुम्ही जेवणाचं ताट बाजूला सारता. चूक माझी आहे. आधी सांगायला पाहिजे होतं, आणि २६ तारखेला तर नक्कीच. पण तुमच्या चकतीचं ड्रॉइंग मी त्यांना दिलं असं तुम्हाला खरंच वाटत असेल, तर मला तसं समोर बसवून विचारा. मी येते, माझेही खिसे उलटे करते.

मलप्पाकाकांचं वाचून मला रडू आलं. राग तुमचा येतोय आणि माझाही. मी कागदावर 'नाव त्यांचं, हात त्यांचा असेलच असं नाही' हे काळ्या शाईनं लिहिलं आणि रेघ मात्र लाल मारली. तुम्ही लाल तेवढंच वाचलं. अनोळखी गिऱ्हाईकाला असा अर्धा कागद मी कधी पाठवला नसता. तुम्ही घरचे म्हणून घाई केली.

आता एक काम करा. रागातच करा, पण करा. खंडेनवमीच्या दिवशी सकाळी अकरा ते साडेबारा कारखान्यात काय काय झालं ते आठवून लिहा. कोण कुठं होतं, तुम्ही कुठं होतात, कॉम्प्युटरसमोर कोण होतं. काही गाळू नका. तुमच्या शकाचं लिहू नका, डोळ्यांनी बघितलेलं लिहा.

आरती


लातूर
१६ फेब्रुवारी २०२६

आरती,

म्हणजे आता जबाब मी द्यायचा! वा गं वा. चोर सोडून संन्याशाला सुळी.

तुझी आई फोनवर मला लई बोलली. मी उलटून एक शब्द बोललो न्हाई, थोरली बहीण हाय. तुझ्यावर शक घेतला ते चुकलंच असंल. तू आली की बघू.

घे, लिहितो. खंडेनवमीला सकाळी सगळी यंत्रं धुतली. लेथ, ड्रिल, वेल्डिंगची मशिनं, सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. पाच-सहा वर्षं झाली, आपण कॉम्प्युटरची बी पूजा करतो, तो बी आपलं हत्यारच की. यंदा नवीन चकतीचं माप पक्कं झालं होतं. मी म्हणालो, मलप्पा, पहिली पूजा चकतीची. पण पक्क्या मापाची चकती तर अजून कापली नव्हती, ड्रॉइंगमधीच होती. म्हणून त्याला म्हणालो, तिचं ड्रॉइंग लाव पडद्यावर, मोठं करून लाव. त्यानं लावलं. पडद्यावर धूळ होती, म्हणून ओल्या फडक्यानं पुसायला लावला. कोपऱ्याला कुंकू लावलं, वरनं माळ सोडली. मी नारळ फोडला. मलप्पानं माझ्या फोनवर फोटो काढला. पहिला हलला होता, मी म्हणालो दुसरा काढ, स्वच्छ यायला पाहिजे. मग दरवर्षीसारखं सगळ्यांना खंडेनवमीच्या शुभेच्छा पाठवल्या. तुला बी आल्या असतील. मग पेढे वाटले आणि घरी जेवायला गेलो.

म्हणजे ती फाईल मीच उघडायला लावली, हे मला आता लिहिताना आठवलं. तेवढं तुझं खरं. पण पस्तीस मिनिटांतली वीस मिनिटं आम्ही पूजेत होतो. उरलेली पंधरा मिनिटं? मी निघालो तेव्हा मलप्पा एकटाच मागं राहिला, दिवा शांत होईस्तोवर थांबतो म्हणाला. तेव्हा त्यानं काय केलं, कुणी बघितलं?

शेषेरावमामा


नांदेड
१८ फेब्रुवारी २०२६

मामा,

पत्र हातात असतानाच फोन काढला आणि १ ऑक्टोबरपर्यंत मागं गेले. तुमचा फोटो सापडला. 'खंडेनवमीच्या हार्दिक शुभेच्छा, शेषेराव आणि परिवार.' पडदा, माळ, कोपऱ्यात कुंकू. आणि मध्ये चकती.

दोन बोटांनी मोठा करून बघितला. भोकं चोवीस. व्यास नऊ मिलिमीटर. तिरपेपणा सतरा अंश. चकतीची जाडी, कडेचा उतार, मधल्या भोकाचं माप, सगळं वाचता येतं. पडदा पुसलेला होता ना. एवढ्यावरून उदगीरला कुणीही चकती कापू शकतं.

त्या फोटोखाली मी दोन हात जोडले होते आणि लिहिलं होतं, 'खूप छान, मामा.' माझा धंदा हाच आहे आणि मला दिसलं नाही.

आता तुम्ही तुमचा फोन घ्या. तो फोटो तुम्ही कुठं कुठं पाठवलात ते बघा. औजारं बनवणाऱ्यांचा जो ग्रुप आहे, तिथं पाठवलाय का बघा. तिथं गुरुपादप्पांचं नाव आहे का बघा. मला कळवू नका. मलप्पाकाकांकडं जा.

आरती


उदगीर
९ मार्च २०२६

शेषेराव मालक,

नमस्कार.

काम सुटल्यापासनं मी हितं उदगीरला माझ्या पोराकडं, वीरेशकडं ऱ्हायलोय. तुमी गेल्या आठवड्यात दोन येळा घरी येऊन गेला. मी घरातच होतो. महामायाला मीच सांगितलं, अप्पा न्हाई म्हन. पोरीला खोटं बोलायला लावलं, शरनु म्हनून हात जोडले, देवाची माफी मागितली. भाईर यावं असं वाटलं न्हाई. तुमची चिठ्ठी मिळाली. तुमी सगळं लिवलंय, फोटो तुमीच पाठवला, ग्रुपवर गुरुपादप्पा होता, माझ्यावर खोटा आळ घेतला. वाचलं.

मालक, मला हे दिवाळीनंतरच ठावं होतं. वीरेशनं येऊन सांगितलं, अप्पा, तिथल्या भिंतीवर आपल्या चकतीचा फोटो छापून लावलाय, कुंकू लावलेला. मला लगीच उमगलं. फोटो मीच काढलेला, तुमच्या फोनवर. वीरेशला म्हनलं, कुनाला बोलायचं न्हाई. उदगीरच्या बाजारात हसं व्हईल मालकाचं. मला वाटलं, मालक आपनहून इच्यारंल तवा एका बाजूला घेऊन सांगू.

तुमी प्रदर्शनाहून आला तवा सगळ्यांसमोर बोलला. तीस मानसांत कसं सांगू, की मालक, तुमीच केलं? म्हनून मान खाली घातली. तुमी कॉम्प्युटर तपासला. भाचीला बोलावलं, ते बी कळलं मला, खुर्ची हललेली होती. कॅमेरे लावले. सगळं केलं, मला तेवढं इच्यारलं न्हाई. शेवटी इच्यारलं ते खिसे उलटे करायच्या आधी. तवा तोंडच उघडंना.

त्या चकतीचा तिरपेपना मी तीन महिने कानशीनं घासून काढलेला. बी फुटायचं, पुन्हा घासायचं. कॉम्प्युटरात नंतर चढवला. आपलीच वस्तू मानूस चोरून कुनाला देनार?

खिशातनं काय निघालं, तुमाला आठवतं का न्हाई, ठावं न्हाई. चष्म्याचं फडकं, सुपारी, आन् रोज कपाळाला लावतो ती विभूतीची वडी. वडी खाली पडून फुटली. ती गोळा करून घ्यायला बी तुमी थांबू दिलं न्हाई. मला बाकी कशाचं एवढं लागलं न्हाई, मालक.

तुमी म्हनता, परत ये. येतो. माझं हात लेथबिगर रिकामे वाटतेत. पन माझे खिसे तीस मानसांसमोर उलटे केले. तुमी माझ्या दारात येऊन चिठ्ठी दिली, ती मी एकट्यानं वाचली. तेवढ्यानं भागत न्हाई. तीसही मानसांसमोर तुमच्या तोंडानं सांगा, कुनी पाठवला. सांगून झालं की निरोप द्या. होत नसंल तर निरोप देऊ नका, मी राग धरनार न्हाई.

मलप्पा


लातूर
१८ मार्च २०२६

आरती,

सोमवारी सांगितलं.

पाच-सहा दिवस मी टाळत होतो, खोटं कशाला बोलू. कधी वाटायचं, दोघा-चौघांना केबिनमधी बोलावून सांगावं, बाकीच्यांना आपोआप कळंल. तारामतीनं तोंड उघडलं. तिला आता सगळं ठाऊक हाय, मीच सांगितलं. म्हणाली, "खिसे केबिनमधी तपासले होते का?"

सकाळी यंत्रं चालू व्हायच्या आधी सगळ्यांना शेडमधी उभं केलं, त्याच जागी. म्हणालो, "मलप्पानं काही चोरलं न्हाई. चकतीचा फोटो मी पाठवला, माझ्या हातानं. एकशे चाळीस लोकांना पाठवला, त्यात गुरुपादप्पा होता. मलप्पावर मी खोटा आळ घेतला."

वाटलं, गलका होईल, कुजबुज होईल. कुणी हूं की चूं केलं न्हाई. कुणी एकमेकांकडं बघितलं बी न्हाई. माझाच धीर सुटला. म्हणालो, अरे, काही तरी बोला. तेव्हा पॅकिंगवरची सरोजिनीबाई म्हणाली, "मालक, आमाला ठावं हाय."

मी म्हणालो, "कधीपासनं?"

"मलप्पाकाकाला काढलं त्याच दिवशी. गेटवर डब्यातनं फोन मिळाले आन् तिथंच सगळ्यांनी फोटो उघडून बघितला. तुमी कारखान्याच्या ग्रुपवर बी टाकला होता की. खंडेनवमीचं म्हणाला ना तुमी, मग आठवलं."

"मग एकानं बी मला सांगितलं का न्हाई?"

ती पदर खोचत म्हणाली, "तुमी फोन काढून घेतले, कॅमेरे लावले, चहावाल्याला भाईर काढलं. मलप्पाकाकाचे खिसे उलटे केले. मालक, तुमाला सांगायला कोन येईल?"

आरती, दीड महिना. तीस माणसं रोज 'राम राम मालक' म्हणून माझ्यासमोरनं आत जात होती. केबिनमधी बसून अकरा पडद्यांवर मी त्यांची तोंडं बघत होतो, यातलं कोण काय लपवतंय म्हणून. सगळ्यांना माहीत होतं आणि सगळे ते लपवून राहिले होते. माझ्यापासनं.

निरोप दिला. काल मलप्पा आला. मी गेटवरच उभा होतो, सगळे बघत होते. हात जोडले. त्यानं मान हलवली आणि सरळ लेथवर गेला. दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला न्हाई. आज बी न्हाई. मी जोर करत न्हाई.

डबा काढला गेटवरनं. कॅमेरे दोन ठेवले, गोदामाचे. गुरुपादप्पाची चकती आता बाजारात फिरून राहिली, तिचं काही होणार न्हाई. मलप्पा पुढचं काहीतरी घासत बसलाय कोपऱ्यात. काय हाय, मला माहीत न्हाई.

तुझा तो कागद मिळाला. लई चांगला केलास, सगळ्यांना समजंल असा. तू येऊन सगळ्यांची नावं चढवशील, तेव्हा एक दुरुस्ती कर. सगळ्यात वर तू माझं नाव घातलंस आणि मालक म्हणून सगळं उघडायचा हक्क मला दिलास. तो खोड. ड्रॉइंगच्या फाइली मलप्पाच्या नावावर ठेव, एकट्याच्या. मला बघायच्या असल्या तर मी त्याला विचारीन.

तुझा
शेषेरावमामा